घर खाली मिळाले

मराठीत खाली म्हणजे वर नाही ते. हिंदीत खाली म्हणजे भरलेलं नाही ते. ग्वाल्हेरच्या मराठीत दोन्ही. कुठलं कधी, ते ऐकणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं.

*

मोहाची वाळलेली फुलं किसमिसासारखी दिसतात. तोंडात टाकली की आधी गोड लागतात, मग नाकाला कळतं.

*

मोती महालातल्या कचेरीची कपाटं दारांतून बाहेर निघेनात. ती आतच बनवली होती. कपाटं कधी बाहेर न्यावी लागतील हे बनवणाऱ्या सुताराला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी करवत मागवली.

*

एक लाकडी खुर्ची. हातांखालून दोन्ही बाजूंना एकेक बांबू सुतळीनं करकचून बांधलेला.

*

"बदलू या" आणि "बदलू या का" यांत एका अक्षराचा फरक आहे.

*

सायकलच्या कॅरिअरवर काहीच नसलं की उतारावर ती वेगळ्याच आवाजात पळते.

*

हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं. भालचंद्र त्याचं नाव. वय चौतीस, मुक्काम ग्वाल्हेरातलं लश्कर, पाटणकर बाजारामागची गल्ली, नोकरी मध्यभारत सरकारच्या आबकारी शाखेत कारकुनाची. पणजोबा दख्खनेतून तलवार घेऊन आले, आजोबा आणि वडील दौत घेऊन बसले, आणि आता भालचंद्राला दौत घेऊन उठायचं होतं. कारण छप्पन साल होतं, ऑक्टोबर होता, आणि एक नोव्हेंबरपासून मध्यभारत नावाचं सरकारच राहणार नव्हतं. नवा मोठा प्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि राजधानीबरोबर फायली, शिक्के, शिपाई, कारकून आणि कापलेली कपाटं जाणार.

गल्लीत, कचेरीत, भाजीच्या ढिगापाशी एकच विषय. भोपाळला घर. भोपाळ पाहिलेला माणूस सापडला की लोक त्याला चहा पाजत. तलाव मोठा आहे म्हणे. हो, पण तलावात राहायचं आहे का?

शाखेचे बडेबाबू रघुनाथराव त्याच गल्लीत चार दारं सोडून राहत. बावन्न वर्षांचा, मोठ्यानं हसणारा, मोठ्यानं शिंकणारा माणूस. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी विजयाबाई दोन वर्षांपूर्वी दाल बाजारात टांग्यातून पडल्या होत्या. खुब्याचं हाड वाकडं जुळलं. सपाटीवर काठी घेऊन त्या पार पाटणकर बाजारापर्यंत जात आणि भाजीवाल्यांशी भांडून परत येत. पण पायरी आली की संपलं. उंबऱ्यापाशीसुद्धा थांबून कुणाचा तरी हात मागावा लागे. तो मागताना त्या काहीतरी विनोद करत, म्हणजे देणाऱ्याला बरं वाटे.

भालचंद्राला सहा दिवसांच्या दौऱ्यावर भोपाळला पाठवायचं ठरलं. तलावाकाठच्या दारू-गोदामांची रजिस्टरं नव्या सरकारच्या ताब्यात जाण्याआधी तपासायची होती. सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डाच्या डब्यात, टाकून न्यायची परवानगी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी रघुनाथरावांनी त्याला घरी बोलावलं.

"भालबा, काम तुझं दुपारपर्यंतचं. पुढे वेळच वेळ आहे. स्वतःसाठी मकान बघशीलच, आमच्यासाठीही बघ. अट एकच. खाली पाहिजे."

"खालीच बघतो, बिलकुल."

"मला सरकारी क्वार्टर मंजूर झालंय. सपाटीवर आहे, पण गावाबाहेर. झाड नाही, बाजार नाही, पाणी टँकरनं. पंचवीस तारखेच्या आत हो की नाही कळवायचं आहे. तुझी तार आली की नाही म्हणून टाकतो."

विजयाबाई आतून म्हणाल्या, "भावजी, तलाव नाही दिसला तरी चालेल. मला काय त्यात पोहायचंय? उंबरा तेवढा एकच असू दे."

*

पहिला दिवस. रजिस्टरं. मोहाचा वास कागदांना, कागदांचा वास हातांना. दुपारी एक वाजता काम संपलं. भालचंद्र सायकलवर बसला आणि पानाच्या टपऱ्यांवर विचारत फिरू लागला, "मकान खाली है क्या?"

अर्धं इंदूर, अर्धं नागपूर, जबलपूर आणि रीवा त्याच गल्ल्यांतून हेच विचारत हिंडत होतं. एक पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "को खां, सारा हिंदुस्तान यहीं बसेगा क्या?"

दुसरा दिवस. तेच. एका घरात आधीच तीन कुटुंबं होती, चौथं स्वयंपाकघरात घालायचं म्हणत होते. एका घरमालकानं विचारलं, "मांस-मछली?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "फिर तो दिक्कत है, हमारे यहाँ बनती है, आपको बास आएगी."

तिसरा दिवस. त्या दिवशी त्यानं एकही घर बघितलं नाही.

झालं असं की गोदामातून निघाल्यावर रस्ता बांधाकडे वळला आणि एकीकडे मोठा तलाव, एकीकडे छोटा. वारा पाठीशी होता. ग्वाल्हेरात भालचंद्राची सायकल म्हणजे घरची बैलगाडी. कॅरिअरवर नेहमी काहीतरी असे: दळणाचा डबा, थोरला मुलगा, कचेरीच्या फायली, कुणाचं औषध, कुणाची रेशनची पिशवी. गल्लीत कुणालाही काही आणायचं असलं की भालचंद्र होताच. आज मागे काहीच नव्हतं. त्यानं वळून दोनदा खात्री करून घेतली, काही पडलं तर नाही ना. मग उतार आला, आणि चौतीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापानं दोन्ही हात सोडले.

रस्ता संपेपर्यंत तो गेला. पुढे पायवाट होती, तिच्यानंही गेला. पाण्याच्या कडेला बसला, शिंगाडे विकत घेतले, सगळे एकट्यानं खाल्ले. घराकडे कुणाला घेऊन जायचे नव्हते, कुणाला अर्धे द्यायचे नव्हते. परत आला तेव्हा टपऱ्या बंद होत होत्या. धर्मशाळेत अंग टाकताना त्याला रघुनाथराव आठवले आणि अर्धा दिवस गेला म्हणून चुटपुट लागली. पण चुटपुटीच्या वर कशाचा तरी थर होता, आणि तो आनंदाचा होता.

*

चौथ्या दिवशी एका गोदामाच्या म्हाताऱ्या ठेकेदारानं सह्या करता करता विचारलं, "बाबूजी, रोज़ साइकिल पे किधर-किधर घूम रहे हो?"

"मकान ढूँढ रहा हूँ."

"अरे, तो पहले बोलते! रेतघाट पे अपना है ना. नीचे का भी खाली है, ऊपर का भी खाली."

भालचंद्रानं मनात त्याचं मराठी केलं. खालचंही खाली, वरचंही खाली. एकटाच हसला. ठेकेदारही हसला, कशाला ते न कळताच.

घर चांगलं होतं. खालच्या भागाला रस्त्याच्या बाजूनं ओसरी, एकच बुटका उंबरा, मागे फरसबंद अंगण, अंगणात हातपंप. अंगणावर एक जुनाट वेल पसरला होता. ठेकेदार म्हणाला, आमच्या वालिदसाहेबांना शौक होता, तलावाच्या काठी अंगूर लावून अंगूरी काढायची. शंभर वेल लावले. निन्याण्णव मेले, एक राहिला. "फल देता है, पर शराब लायक नहीं. बच्चों लायक है."

वरचा मजला म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीतून सगळा तलाव. तिथे पोचायचा जिना भिंतीच्या पोटातून गेलेला, दोनदा वळणारा, इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं परत जायचं. कठडा नाही. पायऱ्या गुडघ्याइतक्या उंच.

ठरलेलंच होतं. खालचं रघुनाथरावांना, वरचं आपल्याला. भालचंद्रानं ठेकेदाराला तसं म्हटलंसुद्धा, "दोनों ले लेंगे." मग त्याच्या मनात एक साधा प्रश्न आला. सायकल कुठे ठेवायची?

त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि जिना चढू लागला. पहिलं वळण कसंबसं निभावलं. दुसऱ्या वळणावर हँडल भिंतीत अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. खाली ठेकेदार पोट धरून हसत होता. "क्या बाबूजी, साइकिल को भी नज़ारा दिखाओगे?"

सायकल सोडवून तो घामाघूम होऊन उतरला. तिला ओसरीवर टेकवली. सकाळी दार उघडलं की हँडल हातात, दोन पावलांवर रस्ता, रस्त्यापलीकडे पाणी. तशी ती तिथे उभी होती, आणि भालचंद्र तिच्याकडे बघत उभा राहिला.

शरयू, त्याची बायको, तेव्हा आठव्या महिन्यात होती. पोटुशी बाई वरच्या मजल्यावर कशी राहील, हे कारण कुणालाही पटलं असतं. पण त्या वेळी ते भालचंद्राच्या मनातही आलं नाही. ते दोन दिवसांनी गाडीत आलं, आणि आलं तेव्हा त्याला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं त्याला पुढे आयुष्यभर आठवायचं होतं.

तारघरात आता नागरीतून तार घेत. त्यानं कागदावर लिहिलं:

तलावाकाठी घर खाली मिळाले येतो भालचंद्र

पेन्सिल टेकवून तो ते वाचत राहिला. खोटं कुठे आहे यात? घर खालीच होतं. चार दिवस तो हाच शब्द दारोदार विचारत हिंडला होता. ग्वाल्हेरात काय, सगळेच म्हणतात, मकान खाली झालं, खोली खाली आहे, डबा खाली करून दे. रघुनाथराव स्वतः म्हणतात. फक्त चार दिवसांपूर्वी रघुनाथरावांनी "खाली पाहिजे" म्हटलं होतं तेव्हा त्यांना काय म्हणायचं होतं, हे त्याला माहीत होतं. तार वाचताना ते कुठला शब्द वाचतील, हेही.

त्यानं कागद खिडकीतून आत सरकवला.

पाचव्या आणि सहाव्या दिवशी तो सायकल चालवत होता.

*

ग्वाल्हेरला परतला तर गल्लीत पेढे वाटून झाले होते. रघुनाथरावांनी तार आली त्याच दिवशी क्वार्टर नाकारल्याचं पत्र दिलं होतं. त्याची शिक्का मारलेली नक्कल त्यांनी अभिमानानं दाखवली. विजयाबाई खुर्चीवर बसून भांडी गोणपाटात गुंडाळत होत्या.

"या भावजी! खालीच ना?"

"हो वहिनी. खाली."

"उंबरा?"

"एकच. बुटका आहे."

"अंगण?"

"आहे. अंगुराचा वेल आहे वर पसरलेला."

"अगंबाई. आणि तलाव?"

"तलाव तर असा, की बघत राहावं."

भालचंद्रानं त्या दिवशी एकही खोटं वाक्य उच्चारलं नाही. विजयाबाईंनी त्याच्या हातात आणखी दोन पेढे ठेवले, एक शरयूच्या पोटातल्याला.

*

भालचंद्राचं बिऱ्हाड आधी गेलं आणि खालच्या भागात लागलं. आठ दिवसांनी रघुनाथराव टांग्यातून आले. मागे सामानाचा हातगाडा. विजयाबाई रघुनाथरावांच्या खांद्याला धरून उतरल्या, काठी टेकली, ओसरीकडे बघून म्हणाल्या, "छान आहे हो!" आणि चालू लागल्या. ओसरीवर शरयू उभी होती, तिच्यामागे तिचं मांडलेलं घर दिसत होतं.

"आमचं कुठलं?" रघुनाथरावांनी विचारलं.

भालचंद्रानं वर बोट केलं.

"ते काय?"

"घर."

"अरे, तू खाली म्हणालास ना?"

"वर... खाली होतं. म्हणजे रिकामं. वरचं खाली होतं."

टांगेवाला घोड्याचा लगाम धरून थांबला होता. रघुनाथरावांनी जिन्याच्या काळोख्या दाराकडे बघितलं, मग बायकोच्या पायाकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरू लागला, आणि तो पूर्ण उतरायच्या आत विजयाबाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग काठी डुगडुगायला लागली. "अहो," त्या म्हणाल्या, "अहो, भावजींनी तार हिंदीत केली! आणि आपण ती मराठीत वाचली!"

मग रघुनाथरावही हसले. त्यांचं ते मोठं हसणं. टांगेवाल्याला हिंदीतून सांगितलं, तर तोही हसला. शरयू तोंडाला पदर लावून हसली. भालचंद्राला हसणं भाग होतं.

"रघुनाथराव," तो म्हणाला, "आपण बदलू या का?"

तो "का" त्यानं मुद्दाम लावला होता. रघुनाथरावांनी शरयूच्या पोटाकडे बघितलं. "वेडा आहेस? हिचे दिवस भरत आलेत. आम्ही दोन माणसं, राहू वर. ठरलं."

भालचंद्रानं पुन्हा विचारलं नाही. डिसेंबरात मुलगी झाली; बाळंतीण उठून हिंडूफिरू लागली; उन्हाळा आला. विचारलं नाही.

*

खुर्चीला बांबू बांधायची युक्ती रघुनाथरावांची. पुढचे दांडे भालचंद्र धरी, मागचे कधी रघुनाथराव, कधी ठेकेदाराचा गडी. वळणांवर खुर्ची वाकडी करावी लागे, विजयाबाई डोळे मिटून म्हणत, "पालखी निघाली हो, बाजूला व्हा." तीन वर्षांत त्या नऊ वेळा उतरल्या. पाच वेळा डॉक्टरकडे, दोनदा हळदीकुंकवाला, एकदा मुलीच्या बारशाला, आणि एकदा कशालाच नाही, नुसतं अंगणात बसायला. त्या दिवशी अंगणात बसून त्यांनी फरशीवरून हात फिरवला होता.

एरवी गॅलरीत. वेलाचं एक टोक गॅलरीपर्यंत पोचलं होतं, त्याची बारीक, बियांनी भरलेली अंगुरं तोडून त्या खाली मुलांना टाकत. मुलं ओरडत, "काकी, एक और!"

आणि सकाळी भालचंद्र सायकल काढी तेव्हा वरून आवाज येई.

"भावजी, आज कुठवर?"

"बांधापर्यंत, वहिनी."

तो बांधाच्याही पुढे पार पायवाटेपर्यंत जाई. पण सांगताना नेहमी कमी सांगे. परत आला की त्या विचारत, पाणी किती आहे, शिंगाडेवाले आले का, धोबी कुठल्या दगडावर बसतात. तो सांगे. त्या मान हलवत, जणू आपण पाहिलेलंच ताडून बघताहेत.

एका महिन्यात त्यानं सायकल बंदच केली. चालत कचेरीला जाऊ लागला. आठव्या दिवशी वरून हाक आली, "भावजी, बरं नाही का? सायकल का नाही काढत? माझं फिरणं बंद झालंय तुमच्यामुळे."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पुन्हा सायकल काढली. पण आता कॅरिअरवर काहीतरी होतं. उतारावर तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

*

तारेची गोष्ट मात्र फार लांब गेली. पत्रांतून ग्वाल्हेरला गेली, तिथून इंदूरला, उज्जैनला. लग्नांच्या पंगतीत रघुनाथराव ती सांगत, दर वेळी थोडी वाढवून. लश्करातल्या मराठी घरांत कुणी निरोप उलटा पोचवला की म्हणत, "हे भालबाचं खाली झालं." भालचंद्र कुठेही गेला की गोष्ट त्याच्या आधी पोचलेली असे, आणि लोक त्याच्याकडे मायेनं बघत. भोळा माणूस. असाच असतो बिचारा.

एकोणसाठच्या शेवटी रघुनाथराव निवृत्त झाले. भोपाळ सोडलं, ग्वाल्हेरला परतले, मुरारला दोन खोल्या घेतल्या. दोन्ही जमिनीवर. जानेवारीत सत्यनारायण केला. भालचंद्र रजा घेऊन आला. शरयूला मुलांच्या परीक्षांमुळे येता आलं नाही.

पूजा आटोपली, प्रसाद वाटला गेला. मोती महालातले जुने सहकारी मुकुंदराव, ज्यांची शाखा ग्वाल्हेरातच राहिली होती, आपल्या नव्या व्याह्यांना घेऊन आले होते. त्यांना राहवेना.

"रघुनाथराव, ती तारेची होऊन जाऊ द्या. व्याह्यांनी ऐकली नाहीये. आणि आज तर नायक हजर आहे."

रघुनाथरावांनी शिऱ्याचा द्रोण बाजूला ठेवला आणि सुरुवात केली. टांगा, काठी, बोट. "मी म्हटलं, अरे खाली कुठाय? हा म्हणतो, वर आहे ना खाली!" व्याही हसता हसता खोकले. विजयाबाई खुर्चीत बसल्या होत्या, त्याही हसत होत्या, शंभराव्यांदा, पण खरं हसत होत्या.

"आणि सांगतो," रघुनाथराव डोळे पुसत म्हणाले, "दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, मुद्दाम केलं. पण माझा भालबा जन्मात कुणाशी खोटं बोलला नाही."

"मला माहीत होतं," भालचंद्र म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही काय समजाल ते. तार लिहितानाच माहीत होतं."

आधीच्यापेक्षा मोठा हशा पिकला. "घ्या!" मुकुंदराव म्हणाले. "तीन वर्षांनी याला अक्कल दाखवायची हुक्की आली!"

"अरे, तुला एवढी अक्कल असती," रघुनाथरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "तर तू माझ्या खुर्चीवर नसतास बसला?"

सगळे हसत होते. फक्त विजयाबाई हसत नव्हत्या. त्या भालचंद्राकडे बघत होत्या, आणि त्यांच्या हातातला द्रोण थोडा कलला होता.

*

लोक उठले. रघुनाथराव व्याह्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. भालचंद्र नमस्कार करायला वाकला तेव्हा विजयाबाई म्हणाल्या, "बसा, भावजी."

तो पाटावर बसला.

"शरयूच्या दिवसांमुळे?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. त्यांनी ते कारण हातात आणून ठेवलं होतं.

"नाही."

"मग?"

"सायकल. वर चढत नव्हती."

"सायकल," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, हळू, "सायकल."

बाहेरून रघुनाथरावांचं हसू ऐकू येत होतं.

"तुम्ही निघालात की मी घड्याळ बघायची," विजयाबाई म्हणाल्या. "आता बांध आला असेल, आता वळला असाल. परत यायला उशीर झाला तर काळजी करायची. तुमच्या सायकलवर मी किती हिंडले आहे, तुम्हाला माहीत नाही."

"वहिनी, मला माफ..."

"ते आज मागू नका. आज घरात पूजा आहे, मला नाही म्हणता यायचं नाही."

त्यानं पाटाच्या कडेकडे बघितलं.

"सांगून तुम्ही मोकळे झालात," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी काय करू? तो जिना मी हसून काढला, भावजी. रोज. चूक झाली माणसाकडून, गंमतीची चूक, म्हणून हसून काढला. आता ते सगळं हसणं परत घ्यायचं कसं, सांगा."

आपण तीन वर्षांनी बोललो ते कुणासाठी, हे त्याला आत्ता कळत होतं.

"यांना नका सांगू पुन्हा. खरं वाटेल असं नका सांगू. नोकरी गेली, भोपाळ गेलं. माणसांत बसल्यावर सांगायला यांच्याजवळ ती एकच गोष्ट आहे. तुम्ही समोर असाल तेव्हा हसायचं. मीही हसेन."

त्यांनी दुसरा द्रोण भरला, वर पान झाकलं, शरयूसाठी म्हणून त्याच्या हातात दिला. मग काठी शोधली. उठताना त्यांनी हात मागितला नाही. भालचंद्रानं पुढे केलेला हात तसाच राहिला, आणि त्या खुर्चीच्या पाठीला धरून, वेळ लावून, उभ्या राहिल्या.

फाटकापाशी रघुनाथराव होते. मुकुंदराव आणि व्याही टांग्यात चढत होते. "भालबा," रघुनाथराव सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "जपून रे! खाली बघून चाल. मराठीतलं खाली!"

टांग्यातून हशा उठला. भालचंद्र हसला. दारात विजयाबाई उभ्या होत्या, त्याही हसल्या, आणि कुणालाही काही वेगळं वाटलं नाही.

तारेच्या त्याच दरात आणखी दोन शब्द बसतात, असं भोपाळच्या तारबाबूनं पैसे घेण्याआधी भालचंद्राला सांगितलं होतं.